टेकाडावरच्या जागा आणि रांगेतले दगड

एका जंगलात, बाळांनो, न्याय करायचं काम एका कासवाकडे आलं.

तळ्याला पूर आला की तिथलं सगळं रान बुडायचं. एक टेकाड तेवढं कोरडं राहायचं. त्या टेकाडावरच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या देऊन वाटत. आधीचा कारकून लांडगा होता. त्याने सगळ्या जागा आपल्या मेहुण्यांना दिल्या. आपल्याला इतके भाऊ आहेत, हे लांडगीलाही तेव्हाच कळलं!

म्हणून कासवसाहेब आले. फार सरळ प्राणी. चिठ्ठ्या वाटताना ते मान कवचात ओढून घ्यायचे.

"तोंड दिसलं की मन पाघळतं," ते म्हणायचे. "मी फक्त रांग बघतो."

मान आत असल्यामुळे त्यांना रांगही दिसत नसे. ते चाचपत चाचपत जायचे.

टिटवी पहाटेच येऊन उभी राहिली. तिला आज-उद्याच अंडं होणार होतं आणि खाली पाणी चढत होतं. तिच्यापुढे सोळा दगड होते. जंगलाची रीतच तशी. आपला दगड रांगेत ठेवायचा आणि घरी जाऊन ताणून द्यायची.

साहेबांनी पहिला दगड चाचपला.

"काही तक्रार?"

दगड गप्प.

"वा! याला म्हणतात शिस्त!" त्यांनी दगडावर चिठ्ठी ठेवली.

"अहो साहेब, दगड आहे तो!" टिटवी किंचाळली.

"गोंगाट कोण करतंय? रांगेच्या बाहेर व्हा!"

टिटवी इतकी दचकली की तिचं अंडं तिथेच, रांगेत पडलं. ठिपक्याठिपक्यांचं, मातकट. ती घाईघाईने ते उचलायला वाकली, तेवढ्यात जांभई देत कोल्होबा आला.

"साहेब, पहिली चिठ्ठी माझी हं. तो दगड माझा आहे."

"तुमचा? म्हणजे तुमच्या ओळखीचा?"

"अगदी घरचा समजा."

"वशिला!" साहेब कडाडले. "चालते व्हा! जागा दगडालाच मिळेल."

कोल्होबा पाय आपटत गेला. टिटवीने हे नीट पाहिलं आणि अंड्यापासून दोन पावलं दूर सरकली.

सोळा दगड झाले. शेवटची चिठ्ठी घेऊन साहेब अंड्यापाशी आले.

"गुळगुळीत आहे. जरा कोमटही. काही तक्रार?"

अंडं गप्प.

"बाई, हा तुमचा कोण?"

टिटवी आणखी एक पाऊल मागे सरकली. "कोणी नाही, साहेब. दगड आहे."

अंड्याला चिठ्ठी मिळाली. पहारेकरी रानडुकराने सतरा जणांना एकेक करून मानाने उचलून टेकाडावर बसवलं. टिटवी मागोमाग गेली.

"ए, तुझी चिठ्ठी कुठाय?" रानडुक्कर गुरगुरलं.

"मला जागा नकोच. दगडावर बसायला चिठ्ठी लागते का, दादा?"

रानडुकराने बराच वेळ डोकं खाजवलं. "नाही बुवा. नियमात तसं काही नाही."

टिटवी बसली.

संध्याकाळी पूर आला. कोल्होबा ओंडक्यावर बसून शिव्या देत वाहत गेला. वर सोळा दगड कोरडे ठणठणीत होते. यंदा एकाही जागेबद्दल तक्रार नाही, असं कासवसाहेबांनी त्याच रात्री सिंहाला अभिमानाने कळवलं.

तात्पर्य : न्यायापुढे सगळे सारखेच असतात. म्हणून तिथे जाताना, बाळांनो, शक्यतो दगड होऊन जावं. ते जमत नसेल, तर निदान आपल्या लेकराला ओळख दाखवू नये.