जुन्या उंबरापासून दोनशे मीटर

कोस्टा रिकात पहिल्यांदा येणाऱ्या माणसाने काय करावं आणि काय टाळावं, हे माझ्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही. मी एलादिओ, बार्वा गावचा निवृत्त पोस्टमन. एकतीस वर्षं पत्रं वाटली आणि एकही पत्र चुकीच्या घरात टाकलं नाही! तेही अशा गावात, जिथे घरांना नंबर नाहीत आणि रस्त्यांची नावं खुद्द रस्त्यावर राहणाऱ्यांना माहीत नाहीत.

ज्या दिवशी माझ्या बायकोने, सिनियाने, मागची खोली परदेशी पाहुण्यांना द्यायचं ठरवलं, त्याच संध्याकाळी मी बसलो आणि एक सूचनापत्रक लिहून काढलं. चांगल्या सतरा सूचना. संडासातला कागद टोपलीत टाका, भांड्यात नाही. दुपारनंतर छत्रीशिवाय उंबरठा ओलांडू नका, ऊन कितीही कडक असो. कुणी ‘आलोच’ म्हणालं तर खुशाल जेवून घ्या. आणि नववी सूचना, जिचा मला फार अभिमान: इथे ‘मला माहीत नाही’ असं कुणी म्हणत नाही, ते उद्धटपणाचं समजतात. म्हणून रस्ता तिघांना विचारा आणि दोघांचं जुळेल तिकडे जा.

खाली आमचा पत्ता. जुन्या उंबरापासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास पूर्वेला, हिरवं फाटक, समोर पिवळा कुत्रा झोपलेला. उंबर चौदा वर्षांपूर्वीच तोडला, पण तो कुठे होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कुत्रा म्हणजे आमचा कानेलो. नऊ वर्षांत तो फाटकासमोरून हललेला नाही.

पहिलं आरक्षण आलं हॉलंडच्या एका जोडप्याचं, विम आणि आनेके, दोघंही निवृत्त शिक्षक. शनिवारी दुपारी बाराच्या बसने येणार होते. सिनियाने पडदे स्वतः शिवले होते आणि आठवडाभर त्या खोलीत मला पाऊल टाकू दिलं नव्हतं. आमच्या घरी इतक्या लांबून आजवर कुणी आलं नव्हतं, आणि तिला त्याचा काय आनंद झाला होता!

माझा आनंद वेगळ्या कारणाने होता. सिनियाच्या भावाला, गिल्बेरला, त्याच्या बायकोने घराबाहेर काढलं होतं. ट्रॉम्बोनसकट. तो गावच्या बँडमध्ये वाजवतो आणि सराव पहाटे पाचला करतो. सिनियाने मला स्पष्ट सांगितलं होतं, “पाहुणे राहिले तर ठीक. खोली रिकामी राहिली तर रविवारी गिल्बेर येईल. सख्ख्या भावाला तोंडावर नाही कसं म्हणू, तुम्हीच सांगा.” आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना अहो-जाहो करतात. कुत्र्यालासुद्धा करतात.

शनिवारी सकाळी तिने मला एरेदियाच्या बाजारात पिटाळलं, अननस आणि चीज आणायला. पाहुण्यांना घ्यायला थांब्यावर जाऊ का, असं तीच विचारत होती. मी म्हटलं, काही गरज नाही, माझं पत्रक त्यांना आधीच पाठवलंय ना!

एक वाजता मी परतीच्या बसमध्ये होतो, तेवढ्यात तिचा फोन आला. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. आवाज रडवेला होता. मी तिला धीर दिला आणि बार्वाला उतरल्याबरोबर शोध सुरू केला.

थांब्याजवळच्या खानावळवाल्या बाई म्हणाल्या, हो तर, दोन उंच गोरी माणसं, चर्चकडे गेली. चर्चपाशी न्हावी म्हणाला, आत्ताच दफनभूमीकडे वळली, बाईंच्या डोक्यावर टोपी होती. दफनभूमीजवळ फुलवाला म्हणाला, टोपी नव्हती, पण गेली शाळेकडे. चौथ्याने मला मी जिथून आलो तिथेच परत पाठवलं. पाचव्याने तर पाहुण्यांबरोबर एक लहान बाळ असल्याचंही सांगितलं. मला खूश करायचं म्हणून बिचाऱ्यांनी काहीही सांगितलं असतं. नववी सूचना कुणी लिहिली होती? मी. आणि वणवण कोण फिरत होतं?

दोन वाजता पाऊस कोसळला. माझ्याकडे छत्री नव्हती.

तासाभराने मी हार मानली आणि घराकडे निघालो. चष्म्यावरून पाणी वाहत होतं, म्हणून तो काढून खिशात टाकला होता. कानांत ट्रॉम्बोन वाजायला लागला होता. दोनशे मीटर दक्षिण, पन्नास पूर्व, हिरवं फाटक, समोर कानेलो. त्याला ओलांडून आत शिरलो, ओला सदरा काढून खुर्चीवर टाकला आणि ओरडलो, “सिनिया, कॉफी टाका! तुमचे पाहुणे हरवले!”

जेवणाच्या टेबलाशी दोन उंच गोरी माणसं बसली होती. त्यांनी हसून माना डोलावल्या.

मला रडूच आलं असतं. मी उघड्या अंगानेच दोघांना मिठ्या मारल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कॉफीची किटली घेऊन दोन्या फ्लोरिबेथ बाहेर आल्या. आमच्या शेजारीणबाई; दोन्या म्हणजे आदराचं ‘बाई’. मी चष्मा घातला. भिंतीवर त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा फोटो होता.

दोन्या फ्लोरिबेथनी मला कोपऱ्यात ओढून हळू आवाजात सगळं सांगितलं. सिनियाने मला चकित करायचं म्हणून सकाळी आमचं फाटक निळं रंगवलं होतं आणि हिरव्या रंगाचा उरलेला डबा त्यांना दिला होता. त्यांनीही लगेच आपलं फाटक रंगवून टाकलं. ओल्या निळ्या रंगापाशी लोळतो म्हणून सिनियाने कानेलोला हाकललं, तो शेजारी येऊन झोपला. मग बारा वाजता हे दोघं सामानासकट आत आले, सिनिया, सिनिया करत त्यांच्या गळ्यात पडले.

“इतक्या आनंदात आले हो, डॉन एलादिओ,” त्या म्हणाल्या. “नाही कसं म्हणणार? मी माझी खोली देऊन टाकली.”

मी छाती पुढे काढली. हा घोळ आत्ता मिटवतो, म्हटलं. वळलो, तर विमने माझं पत्रक उंचावून दाखवलं आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, “हे फार हुशार माणसाने लिहिलंय. सगळं अगदी बरोबर! फाटक, कुत्रा, सगळं. तुम्ही कोण?”

आता तुम्हीच सांगा. इतकं बोलल्यावर त्या माणसाला, बाबा रे, तू चुकलास, असं कसं म्हणायचं? मी सदरा घातला. “मी शेजारी,” म्हणालो. “कॉफी छान झालीय, दोन्या सिनिया.” आणि बाहेर पडलो.

खरी सिनिया निळ्या फाटकात उभी होती, हातात ब्रश. सगळं ऐकून तिचं डोकंच फिरलं. तुमच्यात अवसान नाही, मीच जाते आणि माझे पाहुणे घेऊन येते, असं म्हणत ती तरातरा निघाली. मीही म्हटलं, शाबास, जा.

अर्ध्या तासाने ती एकटीच आली. हातात हॉलंडची बिस्किटं होती.

“सांगितलंत?”

तिने बिस्किटांचा पुडा फोडला. “त्यांनी विचारलं, तुम्ही कोण,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मी फ्लोरिबेथ. शेजारी राहते.” मग पदरी पडलेलं एक बिस्किट तिने मला दिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला पहिल्यांदाच ट्रॉम्बोनचा विसर पडला.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. दारात गिल्बेर, खांद्यावर ट्रॉम्बोन. मी म्हटलं, फाटक निळं झालं, कुत्रा तिकडे गेला, तुम्हाला घर सापडलं कसं?

“तिघांना विचारलं,” गिल्बेर म्हणाला. “ज्याचे पाहुणे पळाले त्या पोस्टमनचं घर कुठलं? तिघांचंही जुळलं.”