यमूबाईसाहेबांच्या स्वहस्ते भोजनाची हकीकत

श्रीलंबोदर प्रसन्न. ज्याणे एकवीस मोदक स्वहस्ते भक्षिले, कोणी भरवील म्हणोन वाट पाहिली नाही, त्या देवास वंदन करोन, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी जे वर्तमान जाहाले ते लिहितो. पदरचे फार घातले नाही.

तिसऱ्या मजल्याच्या गडावर दोन खोल्या, एक सज्जा आणि एक मुदपाकखाना ऐसी दौलत होती आणि तियेवर यमुनाबाईसाहेब, वय वर्षे साडेतीन, निष्कंटक राज्य करीत होत्या. तीर्थरूप रोज सकाळी कचेरीच्या मोहिमेवर जात आणि तिन्हीसांजेस दमून येत, मातोश्री शुभदाबाई मुदपाक उरकोन आपल्या कचेरीस जात, आणि मागे खरा कारभार पाहात आजोबा त्र्यंबकराव. हे पूर्वी टपालखात्यात होते, तेथोन निवृत्त जाहाले आणि वर्षभर तेच वर्तमानपत्र उलटेसुलटे वाचोन कावले, आणि मग नातीचा जन्म जाहाला आणि पुढे तिजला घास भरविण्याची दिवाणगिरी त्यांस प्राप्त जाहाली, तैंपासोन त्यांचे तोंडावर तेज आले. भोजनाचा शिरस्ता ऐसा की बाईसाहेब सज्जात पाटावर बैसत, आजोबा वाटी घेऊन सामोरे बैसत आणि म्हणत, "हा घास काऊचा," की मुख उघडे. "हा घास चिऊचा," की मुख उघडे. आणि मग मनीमाऊचा, मग परगावच्या आत्याचा, मग दूधवाल्या सदूभाऊंचा, मग खालच्या मजल्यावरील ठमाकाकूंचा, ज्यांशी पाण्याचे टाकीवरोन दरबाराचे हाडवैर, तरी त्यांचाही एक घास असे. नाव घेतल्यावाचोन मुख उघडणे नाही. ऐसी तीन वर्षे सुखात गेली.

मग वैशाखात बालवाडीच्या कावेरीबाई गडावर आल्या आणि सरबत घेऊन बोलल्या, "ज्येष्ठात यमू शाळेत येणार. तिला पाढे नकोत की अक्षरं नकोत. चपला आपल्या आपण घालता याव्यात, शूला लागली तर सांगता यावं, डबा उघडून आपल्या हातानं खाता यावं आणि आईला हसत टाटा करता यावा. महिनाभरात एवढं करा, बाकी माझ्यावर सोडा." बाई जिना उतरल्या आणि आजोबांस हसू आवरेना. "अगं शुभदा, ही काय शाळेची तयारी म्हणायची? आमची यमू शंभरापर्यंत आकडे म्हणते!" आणि मग त्यांणी महिनाभर कंबर कसली आणि बावीस फळे, आठ ग्रह आणि बारा महिने नातीकडोन घटवोन घेतले, आणि ती ग्रह म्हणत असता तिच्या चपला मात्र आपणच वाकोन घातल्या. मातोश्री म्हणत, "बाबा, तिला हातानं खाऊ द्या की. सांडलं तर मी पुसेन." आजोबा म्हणत, "हो हो, उद्यापासून." आणि उद्या उजाडे आणि मातोश्रींची पाठ वळली की वाटी पुनः आजोबांचे हाती. पोर आपल्या हाताने जेवू लागले म्हणजे या घरात आपणांस कोण विचारतो, हे भय त्यांचे पोटात होते, परंतु कोणाजवळ बोलले नाहीत.

ज्येष्ठ शुद्ध एकादशीस स्वारी शाळेत दाखल जाहाली. आईस टाटा केला, रडे नाही, आठही ग्रह खडखडा म्हणोन दाखविले. आजोबा फाटकाबाहेर मिशीस पीळ देत राहिले. मग डबे उघडण्याची घंटा जाहाली आणि बाईसाहेब मुख उघडोन स्वस्थ बैसल्या. कावेरीबाई म्हणाल्या, "खा ना राणी." बाईसाहेब म्हणाल्या, "घास कुणाचा ते सांग." तिकडे सोळा पोरांपैकी नऊ भोकाड पसरोन होती, बाईंस कोठली फुरसत! डबा जैसा गेला तैसाच परत आला आणि निर्जळी एकादशी यथासांग घडली. दुसरे दिवशीही तीच गत. तेव्हां बाई फाटकात येऊन बोलल्या, "आजोबा, पोर हुशार आहे हो, पण दोन दिवस उपाशी आहे. सोळा पोरांना मी एकटी काऊचिऊ कुठून आणू? उद्याही खाल्लं नाही तर यंदा घरीच ठेवा, पुढच्या वर्षी बघू."

वाटेने यमू बोलली, "आजोबा, पोटात दुखतंय. मला शाळा नको." हे ऐकोन त्र्यंबकरावांस काळजात चर्र जाहाले. आपल्या हौसेपायी लेकरू उपाशी राहिले, ग्रह घेऊन काय चाटायचे आहेत, ऐसे मनी म्हणोन स्वतःची फार लाज वाटली. घरी वरणभात कालविला, यमूने मुख उघडले, आणि आजोबांणी वाटी खाली ठेविली. "यमे, माझा हात दुखतो गं आज. तूच भरव मला." बाईसाहेबांस हर्ष न मावे. "आ करा. हा घास काऊचा!" तो मिशीस लागला. "हा चिऊचा!" तो निम्मा सदऱ्यात गेला. मग आजोबा म्हणाले, "आता एक तुझ्या तोंडात." "कुणाचा?" "ते तूच सांग." यमूने अंमळ विचार केला, "मनीमाऊचा," म्हणाली आणि स्वहस्ते गिळिला. मग एक आजोबांस आणि एक आपणांस ऐसी लढाई दोन प्रहर चालली, आणि डब्याचे झाकण गुडघ्यात धरोन उघडण्याची कवाईतही जाहाली. सज्जात भाताचा चिखल आणि मुंग्यांची फौज पाहोन मातोश्री दारातच थबकल्या. "बाबा, हे काय?" आजोबा म्हणाले, "तू राहू दे, मी पुसतो."

तिसरे दिवशी आजोबा शाळेच्या खिडकीखाली दबा धरोन बैसले. घंटा जाहाली, झाकण खणकन उघडले आणि आतोन आवाज आला, "हा घास काऊचा." पुढे चिऊचा जाहाला, सदूभाऊंचा जाहाला, ठमाकाकूंचाही जाहाला, आणि मग डबा खरवडल्याचा आवाज आला आणि बाईसाहेब बोलल्या, "आणि हा शेवटचा माझ्या आजोबांचा." तीन वर्षांत आजोबांणी काऊपासोन वैऱ्यापर्यंत सर्वांची नावे घेतली, आपले नाव कधी घेतले नव्हते. म्हातारा तेथेच रडू लागला. शाळेचा शिपाई धावोन आला, "काका, काय झालं?" आजोबा म्हणाले, "काही नाही, ठसका लागला."

इतकी हकीकत. शाळा कायम जाहाली आणि दिवाणगिरी खालसा जाहाली. आता रविवारी बाईसाहेब खासा पाटावर बैसवोन आजोबांस भरवितात, आणि नाव घेतल्यावाचोन आजोबा तोंड उघडीत नाहीत.