आधी वकिलात, मग गाव

परगावी गेलं की आधी ग्रामदैवताला नारळ द्यावा, मग गाव फिरावं, ही आपल्याकडची रीत. आमच्या चौलच्या वसंतनानांनी ती थेट परदेशात नेली. कुठल्याही देशात उतरले की ते आधी भारताची वकिलात, नाहीतर तिची त्या शहरातली कचेरी शोधतात.

नाना आमचे शेजारी. अलिबागच्या कोर्टात कारकुनी केली, लग्न केलं नाही, आणि आता नारळी-पोफळीची वाडी सांभाळून वर्षाला एक परदेश करतात. त्यांच्या-आमच्या घरांमध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे. त्यावरून वर्तमानपत्र, विरजण आणि नानांचे सल्ले चालू असतात.

एकदा आम्ही नवराबायको त्यांच्याबरोबर दुबईला गेलो. पहिल्याच दिवशी सगळी सहल उंच मनोरा बघायला निघाली आणि नानांनी आम्हाला टॅक्सीत कोंबलं. भर उन्हात वकिलातीच्या फाटकाशी उभे! पहारेकऱ्याने काम विचारलं. नाना म्हणाले, "काम काही नाही. आम्ही आलोय, एवढं सांगून ठेवतो." वर नारळाच्या वड्यांचा डबा पुढे केला. त्याने तो घेतला नाही, बिचाऱ्याला नियम होता. नानांनी फोन, कचेरीची वेळ, सुट्टीचे वार, सगळं वहीत उतरवलं. माझं डोकं फिरलं. मी चिडले, तर म्हणे, "दार पाहून ठेवलेलं बरं."

हे त्यांचं पालुपद. गावात कोणी आखातात नोकरीला निघालं की नाना त्याच्या खिशात तिथल्या वकिलातीच्या पत्त्याची चिठ्ठी घालणार. ती कधी कुणाला लागली नाही. लोक हसायचे, मीही हसायचे.

यंदा नाना आमच्याशिवाय, एकटेच सहलीबरोबर इस्तंबूलला गेले आणि बाजारात त्यांचा पासपोर्ट हरवला. परतीचं विमान दोन दिवसांवर. सहलीचा मॅनेजर घाबरला. नाना मात्र पोलिसांत तक्रार देऊन, तो कागद आणि फोटो घेऊन वकिलात उघडायच्या आधीच तिथे हजर. हे सगळं त्यांनी मला तिथल्या बाकावरूनच फोन करून ऐटीत सांगितलं. मी वाडीत शहाळी उतरवून घेत होते.

मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, फॉर्ममध्ये एक रकाना आहे, भारतातल्या जवळच्या माणसाचं नाव, नातं आणि फोन. "बाकी सगळं भरलं गो. एवढ्यासाठी अर्धा तास बसलोय."

मी हातातलं शहाळं खाली ठेवलं.

"माझं घाला की," मी म्हटलं. "आणि नातं सून लिहा."

"अगो, माझं लग्न नाही झालं, सून कुठली? सरकारी कागद आहे."

"ह्यांना पुतण्या माना, म्हणजे झाले मी सून. इतकी वर्षं माझं विरजण नेताय, खोटं काय त्यात?"

पासपोर्टाऐवजी चालणारा परतीचा कागद त्यांना त्याच दिवशी मिळाला, ठरल्या विमानाने ते घरीही आले. पण मला आठवतो तो फोनच. पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"लिहिलं," नाना म्हणाले. "आता नंबर सांग."

"तुम्हाला पाठ आहे की."

"आहे. तरी तू सांग."

मी एकेक आकडा सावकाश सांगितला.