बाजाररस्त्यावर सभ्यपणे

"दोन विरुद्ध मतांची माणसं माझ्यासमोर आणून बसवा. तासाभरात हसत बाहेर पडतील!" ग्रंथपालबाई छातीठोकपणे म्हणाल्या.

आणायला लांब जायला नको होतं. त्यांचा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा आणि थोरल्या भावाचं सायकलचं दुकान होतं. बाजाररस्ता गाड्यांना बंद करावा का, असं नगरपालिकेनं लोकांना विचारलं, आणि जेवता जेवता दोघांची जुंपली.

"दादा, गावाचा गळा आवळताय तुम्ही!"

"आणि तुम्ही, दाजी, पोरं चाकाखाली आली तरी हॉर्नच वाजवत बसाल!"

दादा अर्ध्या ताटावरून उठले ते उठलेच. एरवी रोज सकाळी डोकावणारा भाऊ फिरकेनासा झाला. बाईंना घास गोड लागेना.

म्हणून रविवारी सकाळी त्यांनी वाचनालयात जाहीर चर्चा ठेवली. अट एकच : आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणाला, की मग आपलं.

दोघांनीही ते भलतंच मनावर घेतलं. नवरा तीन दिवस शाळा सुटायच्या वेळी बाजाररस्त्यावर उभा राहिला. दादांनी दुकान बंद ठेवून एका गुडघेदुखीच्या आजींना दवाखान्यापर्यंत चालत नेलं, आणि येताना जवळजवळ उचलून आणलं.

रविवारी वाचनालय खच्चून भरलं. डावीकडे गाडीवाले, उजवीकडे सायकलवाले.

नवरा उठला. "दादांचं म्हणणं असं," तो म्हणाला, आणि शाळेतून सुटलेली एक चिमुरडी दोन गाड्यांच्या मधे कशी अडकून रडत होती, ते त्यानं सांगितलं. बोलता बोलता त्याचाच आवाज चिरकला.

"हेच!" दादा डोळे पुसत म्हणाले. "मलासुद्धा इतकं नीट सांगता आलं नसतं!"

मग दादांनी आजींचे गुडघे मांडले. दर चार पावलांना त्या कशा थांबत होत्या, ते चालून दाखवलं. गाडीवाल्या बाकांवरून टाळ्या पडल्या.

"हेच तर म्हणतोय मी, दादा!" नवरा म्हणाला.

बाईंना धन्य वाटलं. "छान! आता आपापलं मत सांगा."

नवरा घुटमळला. "माझं मत... रस्ता बंद करावा."

"काय?" दादा ताडकन उठले. "आणि त्या आजींनी काय उडत जायचं?"

"आजींना हाताला धरून नेता येईल! ती पोर चिरडली तर परत आणाल का?"

"गावाचा गळा आवळताय तुम्ही, दाजी!"

सभेत गोंधळ उडाला. कुणासाठी टाळ्या वाजवायच्या तेच कुणाला कळेना. गाडीवाले बाकं बदलून दादांच्या मागे गेले, सायकलवाले नवऱ्याच्या. अध्यक्ष म्हणून बसवलेले निवृत्त पोस्टमास्तर मधल्या वाटेत अडकले आणि दोन्हीकडून ढकलले गेले. बाईंनी टेबलावरची घंटा इतकी बडवली की तिचा लोलक निसटून वर्तमानपत्रांत जाऊन पडला.

"पुन्हा पहिल्यापासून! आधी समोरच्याचं म्हणणं—"

"नको!" सगळी सभा एकसुरात ओरडली.

दोघं भांडत भांडतच घरी आले. दादा भांडण अर्धवट टाकायला तयार नव्हते, त्यामुळे जेवायलाही बसले. आठ दिवसांनी! आजींची बाजू आणि शाळेतल्या पोरीची बाजू यांच्यामधे भाजीचं पातेलं इकडून तिकडे फिरत होतं. बाई गुपचूप वाढत राहिल्या. त्यांना इतकं बरं वाटत होतं की त्या बेसावध राहिल्या.

"तू सांग गं," दादा एकदम म्हणाले. "तुझं काय मत?"

"हो, तू वाचतेस एवढं," नवराही म्हणाला.

बाईंनी आठ दिवस विचार केलाच होता. "शाळा भरताना आणि सुटताना रस्ता बंद ठेवावा. बाकी वेळ उघडा. म्हणजे दोघांचीही—"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं.

"तुला नाही कळायचं त्यातलं!" दादा म्हणाले.

"अगदी बरोबर बोललात, दादा," नवरा म्हणाला, आणि त्यानं त्यांना प्रेमानं भाजी वाढली.