हरिभाऊंचे सूर्यप्रकाश धोरण

सूर्य सर्वांचा आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र तो वर्धा जिल्ह्याच्या वाट्याला जरा जास्तच आला आहे, असे स्थानिक नागरिकांचे नम्र म्हणणे आहे. मे महिन्यात इथे रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते, टाकीतल्या पाण्यात चहापत्ती तेवढी टाकायची बाकी असते, आणि गावातल्या सगळ्या माणसांनी तोंडे दुपट्ट्यात गुंडाळून घेतल्यामुळे ओळखीचे कोण नि उसनवारीचे कोण हे डोळ्यांवरून ओळखावे लागते. अशा जिल्ह्यात माणसाच्या अंगात उन्हाचे जीवनसत्त्व कमी पडावे, हे मोठे कर्तृत्वच म्हटले पाहिजे. पिपरी मेघेतल्या एका कॉलनीने ते करून दाखवले. तिथे दर दहा माणसांमागे अकरा जणांचे ‘डी’ कमी निघाले. (एकाने दोनदा तपासले.)

या अकरांमध्ये हरिभाऊ अग्रेसर होते. ते एका सरकारी कार्यालयातून सीनियर क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. (कार्यालयाचे नाव सांगत नाही, तिथली माणसे अजून नोकरीत आहेत.) जिना उतरताना त्यांचे पाय लटपटू लागले, म्हणून ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “काकाजी, उन्हात बसत जा.” त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कातडीचे डॉक्टर होते. कपाळावर काळपट डाग आला होता आणि बायकोने, म्हणजे पद्माबाईंनी, त्याचा धसका घेतला होता. म्हणून हरिभाऊ कठडा धरत धरत वर गेले. डाग साधा निघाला. पण वर्षानुवर्षे उघड्या डोक्याने सायकलवर ऑफिसला गेल्याचा तो प्रसाद होता. डॉक्टर म्हणाले, “काका, आता उन्हापासून जपा.”

एका जिन्याच्या अंतरावर दोन वरिष्ठ आणि दोन उलटे आदेश. दुसरा कोणी गोंधळला असता. हरिभाऊंना मात्र घरी आल्यासारखे वाटले. उभ्या नोकरीत त्यांनी एकच विद्या कमावली होती: दोन साहेबांनी एकमेकांविरुद्ध हुकूम दिले, तर दोन्ही हुकूम तंतोतंत पाळायचे. म्हणजे काहीच होत नाही आणि दोन्ही साहेब खूश राहतात.

यावेळी मात्र काहीतरी होणे गरजेचे होते. मुलगी ऋचा बाळंतपणाला माहेरी येणार होती. नातवंडाला कडेवर घेऊन कॉलनीत एक चक्कर मारायची, एवढी एकच हौस निवृत्तीनंतर हरिभाऊंच्या जिवात शिल्लक राहिली होती. आणि हाडांच्या डॉक्टरांनी नेमकी त्यालाच मनाई केली होती. “पायात जोर येईपर्यंत लेकरू उचलून चालायचं नाई. पडले तर दोघंही पडसान.” त्या दिवशी हरिभाऊंना जेवण गेले नाही.

तेव्हा त्यांनी धोरण आखले. त्याचे कलम एक: ऊन घेणे बंधनकारक आहे. कलम दोन: ऊन लागू न देणे हेही बंधनकारक आहे. उरलेली कलमे या दोघांची भांडणे सोडवण्यासाठी होती.

अंमलबजावणी दुसऱ्याच सकाळी सुरू झाली. घराच्या स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, खाट टाकली गेली. हरिभाऊंनी तोंडाला, मानेला आणि कानाच्या पाळ्यांना क्रीम थापले, इतके की गावच्या दंडारीत तोंड रंगवून नाचणारे पात्र वाटावे. त्यावर पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे, दुपट्टा, गॉगल, आणि सगळ्यांवर काळी छत्री. (खिशात कांदाही असे. नोव्हेंबर होता, पण उन्हाळ्यातल्या लूचा काय भरवसा.) गार वारा सुटला की हरिभाऊ खाली गॅलरीत, बंद काचेमागे बसत. ऊन आत, धोका बाहेर, अशी ही सोय त्यांना फार आवडली. मग कॉलनीच्या ग्रुपवर निवेदन जाई: ‘आजचे ऊन घेण्यात आले आहे.’

शेजारचे रूपराव हे सिंदी गावचे कापसाचे व्यापारी, हल्ली इथेच घर बांधून राहिलेले. त्यांनी विचारले, “हरिभाऊ, चेहऱ्याले कापूस लावून काऊन बसले?”

“कापूस नाई, क्रीम आहे. ऊन घेऊन राह्यलो.”

“छत्रीत?”

“छत्री सुरक्षेसाठी. ऊन तब्येतीसाठी.”

रूपरावांना हे पटले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही स्लॅबवर छत्री उघडली, आणि महिना संपेस्तोवर कॉलनीत इतक्या छत्र्या झाल्या की पावसाळा लांबला की काय, असे पोस्टमनला वाटले. लोकांची तब्येत सुधारल्याचे लोकच एकमेकांना सांगत होते.

पुढचा रिपोर्ट आला. हरिभाऊंचे डी आणखी खाली गेले होते.

“उन्हात बसता ना?” हाडांच्या डॉक्टरांनी विचारले.

“रोज.” आणि हरिभाऊंनी धोरण समजावून सांगितले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“काकाजी, ऊन अंगाले लागू द्यावं लागते. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. काचेतून नुसती ऊब येते.”

हरिभाऊ तक्रार घेऊन वर गेले. कातडीचे डॉक्टर म्हणाले, “मी भर दुपारी तास-तास हिंडू नका म्हणालो होतो. थोडं बसायला मी कधी नाही म्हटलं?”

दोघांनीही पहिल्याच दिवशी आपापले वाक्य पूर्ण केले होते. हरिभाऊंनी मात्र सवयीप्रमाणे विषय वाचला आणि मजकूर सोडून दिला. चूक त्यांची नव्हती, चूक टेबलाची होती. पण टेबल आता दुसऱ्या क्लार्ककडे होते.

आता उपाय कळला होता. तरीही तो विचाराधीनच राहिला, कारण रिटायर्ड सीनियर क्लार्कने बनियन-हाफपँटवर स्लॅबवर बसायचे म्हणजे कॉलनी काय म्हणेल. अशा वेळी फाइल थांबवायची असते. हरिभाऊंनी थांबवली.

बाळ मात्र थांबले नाही. मुलगी झाली. हरिभाऊ लांबूनच तिला पाहत आणि हात मागे बांधून ठेवत.

एका सकाळी पद्माबाईंनी नातीला तेल लावले आणि स्लॅबवर पाय पसरून तिला पायांवर निजवले. अंगावर लंगोट तेवढा. कोवळ्या उन्हात पोरगी मुठी उघडून पडली होती. हरिभाऊ धोरणासह वर आले, मागे उभे राहिले आणि छत्री धरली. पोरीने भोकाड पसरले.

“ते छत्री घेऊन दूर व्हा पाहू,” पद्माबाई म्हणाल्या. “पोरीवर सावली पडून राह्यली.”

“अवं, कातडी नाजूक असते तिची.”

“हाडं बी नाजूकच असतात. तुमचीच पाहा ना. पुरे झालं की नेईनच मी तिले खाली.”

हरिभाऊंनी छत्री जराशी आपल्याकडे ओढली.

“इतके दिवस उन्हाले फसवून राह्यले तुमी. आता तिले बी शिकवता का?”

हरिभाऊंनी छत्री मिटली. मग गॉगल, दुपट्टा आणि पायमोजे उतरले. बाह्या कोपराच्या वर गेल्या, धोतर गुडघ्याच्या वर गेले, आणि खिशातला कांदा पद्माबाईंनी भाजीसाठी ठेवून घेतला. ते शेजारी पाय पसरून बसले. पद्माबाईंनी पोरगी उचलून त्यांच्या पायांवर ठेवली.

“बसल्या माणसाले कुठं पडाचं असते,” त्या म्हणाल्या. “चक्कर मारजा मंग, पायात जोर आला की.”

पोरगी तेलाने बुळबुळीत आणि गरम होती. हरिभाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. (गॉगल नसल्यामुळे असेल.)

समोरच्या बंद काचेमागून रूपरावांनी त्यांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सल्ल्यांचा ढीग लागला: काका काळे पडतील, पोरगी काळी पडेल आणि पुढे लग्नाला अडचण येईल, गोळी घेतली तर हे सगळे करावेच लागत नाही. सगळे सल्ले सावलीतून आले होते.

या कथेचा वाचक तसा नाही. तो सुज्ञ आहे, हरिभाऊंना मनापासून हसला आहे. हसताना तो पंख्याखाली, पडदा ओढून बसला आहे, आणि त्याची कोपरे उन्हाला शेवटची केव्हा दिसली होती ते त्याला आठवत नाही. उद्या सकाळी तो नक्की बसणार आहे. छत्री तेवढी सापडू दे.