फरशी पुसून, नळ बदलून

आस्थापना विभागाची खोली गुडघाभर पाण्यात बुडाली. असे काहीही घडलेले नाही. मंजूर अहवालानुसार खोली कोरडी असून ती पुसून झालेली आहे.

सकाळी फक्त नळ गळत होता. मोठे साहेब इंग्रजी पत्रव्यवहाराच्या प्रशिक्षणातून नुकतेच परतले होते. 'हॅविंग डन धिस' छापाच्या, म्हणजे 'हे करून, ते करून, मग अमुक केले' या वाक्यरचनेवर त्यांचा जीव जडला होता. त्यांनी फर्मान काढले : प्रत्येक कामाचा अहवाल अशा एकाच वाक्यात, कामाआधी मंजूर करून घ्यावा. काम त्याच क्रमाने व्हावे.

लेखनिकाला संध्याकाळी मुलीच्या नाटकाला पोचायचे होते. ती झाड होणार होती, आणि बाबा पहिल्या रांगेत दिसले नाहीत तर झाड रडेल, अशी ताकीद होती. त्याने घाईघाईत वाक्य ठोकले. पाय ओले झाले होते म्हणून फरशी आधी आली, कॉक आठवला शेवटी : 'फरशी पुसून, जुना नळ काढून, नवा बसवून, मुख्य कॉक बंद केला.' सही झाली.

प्लंबर आला तो थेट कॉककडे.

"अहो, थांबा! कॉक शेवटी," शिपाई ओरडला.

"शेवटी? मग नळ काढल्यावर पाणी काय माझ्या मामाकडे जाईल?"

"मामांचा उल्लेख वाक्यात नाही," साहेब म्हणाले.

फरशी पुसली. जुना नळ निघाला. पाण्याच्या धारेने छत गाठले. नवा नळ लावावा तर धार तो परत हातात देई.

"साहेब, वाक्य बदलू?" लेखनिक खुर्चीवर उभा राहून म्हणाला.

"बदला की! पण तेही क्रमाने. चूक सुधारून, मग परवानगी मागा."

"परवानगीशिवाय सुधारू कसा?"

"बघा, शिस्त अंगात भिनायला लागली तुमच्या," टेबलावर मांडी घातलेले साहेब कौतुकाने म्हणाले.

तुम्ही म्हणाल, कुणीतरी मुकाट्याने कॉक फिरवायचा. पँट दुमडून भिंतीकडेने उभे असलेले सगळेही अगदी हेच म्हणत होते, एकमेकांना.

अंधार पडल्यावर बायकोचा फोन आला. "या आता सावकाश. झाड रडून झोपलं."

लेखनिकाने एक कोरडा कागद शोधला आणि लिहिले :

'महोदय, मी पहिल्या रांगेत बसून, नाटक पाहून, टाळ्या वाजवून, मुलीला खांद्यावरून घरी आणले आहे. तरी आता नाटक सुरू करण्यास मंजुरी मिळावी, ही विनंती.'