आठ हजार नंबरची धार

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बबनरावांची उजवी मिशी गेली. डावी जागेवर होती.

त्या वेळी इंझोरीतल्या त्यांच्या अंगणात आरशासमोर वस्तरा धरलेले बबनराव होते, बादलीजवळ त्यांचा मुलगा गजेंद्र होता आणि ओट्यावर चहात टोस बुडवत बबनरावांचे वडील नथ्थूबुवा बसले होते. बुवांचं वय एक्क्याण्णव. कान गेलेले, बाकी सगळं शाबूत.

भांडण आदल्या संध्याकाळपासूनचं. बबनराव तीस वर्षं बापाच्या वस्तऱ्याने दाढी करत आणि त्याला धारही बापाच्याच, नदीतून आणलेल्या काळ्या दगडावर लावत. दाढी करताना डोळ्यांत पाणी यायचं, पण ते खानदानी पाणी होतं. गजेंद्र वाशीमला बियाण्यांच्या दुकानात कामाला. त्याने कारखान्यात बनलेले दोन दगड मागवले, एक हजार नंबरचा आणि आठ हजारचा. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक.

"दगडाले नंबर?" बबनराव कडाडले होते. "दगड जमिनीतून निंगते, कुरिअरनं येत नाई!"

"बाबा, तुमच्या दगडानं दाढी नाई होत, सोलाई होते."

शेवटी ठरलं, डावा गाल जुन्या दगडाच्या धारेने आणि उजवा नव्याच्या. दाढी तशीही करायचीच होती. दुपारी चारला शेलूबाजारचे पुंजाजी आपल्या हरीओमसाठी बबनरावांच्या शुभांगीची सोयरीक पक्की करायला येणार होते.

डावा गाल नेहमीप्रमाणे रक्ताच्या दोन ठिपक्यांवर निभावला. मग गजेंद्रने वस्तरा आधी हजारवर, मग आठ हजारवर लावून दिला. बबनरावांनी तीस वर्षांच्या सवयीने तेवढाच जोर दिला. नव्या धारेला जोर नकोच होता. मिशी कोरायला टेकवलेला वस्तरा थेट नाकाखाली जाऊन थांबला.

"समजलं नाई तुमाले?" गजेंद्रने विचारलं.

"कसं समजन? लागलंच नाई! धारेनं मानसाले सांगून कापलं पाहिजे. हे चोरावानी आली अन् घेऊन गेली!"

प्रयागबाई परात घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. "काडा ते बी."

"बाप जित्ता हाय माहा! तो जित्ता असतानी मिशी काडू?"

"मंग पाहुन्याइपुढं अर्धीनं बसा."

साडेसातला डावी मिशीही उतरली.

गजेंद्रशी बोलणं बंद झाल्यामुळे पाहुण्यांसाठी हार-नारळ आणायला बबनराव स्वतःच निघाले. डोकं आणि तोंड दुपट्ट्यात गुंडाळलेलं. स्टँडवरच्या दुकानदाराला दुपट्ट्यातून काही ऐकू जाईना. बबनरावांनी तो तोंडावरून खाली ओढला आणि "पाच हार, एक नारळ" म्हणून सांगितलं.

शेजारी त्यांचा शेतशेजारी लखमा चहा पीत होता. त्याने हार पाहिले, नारळ पाहिला, झाकलेलं डोकं पाहिलं आणि शेवटी उघडा ओठ पाहिला. कप खाली ठेवला.

"काल तं बोलले बुवा माह्यासंगं."

"बाबा बरे हायेत. टोस खाऊन राह्यले."

"असंच वाटते, भाऊ. माहा बाप गेला तवा मलेबी मयनाभर ओट्यावर दिसे."

"अरे, जित्ते हायेत ते!"

"धीर धर." लखमाने त्यांना मिठी मारली. हार चेपले. "तू घरी जाय. बाकीचं मी पाह्यतो."

दहाला बबनरावांची चुलत बहीण ललिताबाई आली. कोपऱ्यावरूनच तिने रडण्याचा सूर धरला होता. ओट्यावर नथ्थूबुवा दिसले, तोवर तिच्या मागून आलेल्या तिघी बायांनी सूर उचललेला. अर्ध्यात थांबणं बरं दिसलं नसतं.

"कोन गेलं वं?" बुवांनी विचारलं.

कोणी सांगायला धजेना. बुवांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि तेही रडू लागले.

बारापर्यंत अंगणात चाळीसेक माणसं जमली. प्रत्येकजण बुवांना धडधाकट पाहून आधी दचके, मग बबनरावांवर उखडे.

"मंग मिशी कायले काडली? आमी कामं टाकून आलो न!"

बबनरावांनी दगडाची हकीकत सांगितली. जो तो वस्तऱ्यावर अंगठा फिरवून आपलं मत देऊन गेला. मिशीबद्दल हळहळ मात्र एकानेही व्यक्त केली नाही. लखमा तेवढा आला नाही. तो कुठे आहे, हे कोणी विचारलंही नाही.

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी पुंजाजींचा फोन आला. "वाईट झालं, बबनराव. सुतकात सोयरीक होत नाई. वर्ष जाऊ द्या, पुढल्या साली पाहू."

"बाबा जित्ते हायेत, पुंजाजी! शपथ घेऊन सांगतो!"

पलीकडून फक्त एक उसासा आला. दारात उभ्या शुभांगीने बापाच्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ लावला आणि आजोबांसमोर धरला. पुंजाजींना बुवा दिसले, हुंदके देताना. मग बबनराव दिसले.

"हं. बुवा हायेत." पुंजाजींचा आवाज थंड झाला. "म्हंजे बाप जित्ता असतानी मिशी काडली तुमी? आमच्या घरात असे मानसं नाईत. येतो. डोळ्यानं पाह्यतो, मंग ठरवतो."

शुभांगीने फोन परत दिला. "बाबा, आता कोनाले दगडाचं सांगू नका," एवढंच म्हणून ती आत गेली.

तीनच्या सुमारास गजेंद्रने आजोबांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. बुवांनी रडणं थांबवलं आणि काळा दगड मागवला. हातात घेऊन उलटा केला. खालच्या बाजूला साबणाचा पांढरा थर बसला होता. नखाने खरवडला, तर आतून शिंगासारखा गुळगुळीत काळा भाग निघाला.

"धार ह्या अंगानं लावतेत. वरचं बूड हाय. तू तीस वर्षं बुडावर घासून राह्यला का, बबन्या?"

गजेंद्र बादलीत पाहत राहिला.

"मंग सांगतलं काहून नाई?" बबनराव ओरडले.

"तू इचारलं कधी?"

बुवांनी वस्तरा घेतला आणि दगडावर पाणी शिंपडून धार लावायला बसले. मनगटावरचा एक केस उडवून पाहिला आणि पुन्हा लावू लागले.

चार वाजून पाच मिनिटांनी पुंजाजींची जीप स्टँडवर दिसली. तिच्यापुढे एक ट्रॅक्टर होता. ट्रॉलीत वाळलेली लाकडं, वर तिरडीचे दोन नवे बांबू, आणि बांबूंना धरून बसलेला लखमा. ट्रॅक्टर बबनरावांच्या गल्लीत वळला. जीपही मागोमाग वळली.